डॉलर दिले, रिएल परत आले : सिएम रीपमध्ये पैसे कसे द्यायचे?



सहावी-सातवीत आपण मुलांना नफा-तोटा, शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण शिकवतो. उदाहरणातला दुकानदार नेहमी रुपयात विकतो आणि गिऱ्हाईक नेहमी रुपयातच पैसे देतं. पण समजा, वस्तूची किंमत एका देशाच्या चलनात सांगितली, पैसे आपण दुसऱ्या देशाच्या नोटांत दिले आणि सुट्टे परत आले ते दोन्ही मिळून, तर? हे काही कोड्यातलं गणित नाही. कंबोडियातल्या सिएम रीप या गावात रोज सकाळी भाजी घेताना हे गणित घडतं.

सिएम रीप म्हणजे अंगकोर वाटच्या मंदिरांशेजारचं गाव. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं तिथे गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी बाजारात मी पाच डॉलरची नोट पुढे केली. फळवाल्या बाईंनी ती दिव्यासमोर धरली, कडेला असलेली जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची फाट बोटाने दाखवली आणि हसून नोट परत केली. दुसरी नोट दिली, ती चालली. परत मिळाल्या त्या एक डॉलर आणि काही रंगीत नोटा. सहावीतली माझी मुलगी सगळं बघत होती. ती म्हणाली, "आई, आपण आलोय कंबोडियात, मग पैसे अमेरिकेचे का? आणि अमेरिकेचे आहेत तर उरलेले दुसरेच का दिले?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आजच्या लेखात त्याचं उत्तर शोधू या. तुम्ही कधी तिकडे जाणार असाल तर खिशात काय ठेवायचं, कुठे काय चालतं, कुठे फसायला होतं हेही बघू. आणि जाणार नसाल तरी वर्गासाठी चांगला पाठ हाती लागेल.

१. आधी ओळख : दोन चलनं, एक बाजार

कंबोडियाचं स्वतःचं चलन आहे रिएल. पण व्यवहारात रिएल आणि अमेरिकन डॉलर ही दोन्ही चलनं एकाच वेळी चालतात. ढोबळ मानाने १ डॉलर म्हणजे ४,००० रिएल. बँकेचा खरा दर त्याच्या थोडा वरखाली असतो, पण बाजारात सोयीसाठी सगळे ४,००० च धरतात.

डॉलरच्या नोटा चालतात, डॉलरची नाणी मात्र चालत नाहीत. म्हणजे सेंट नाहीत. मग सव्वातीन डॉलरमधला 'सव्वा' कसा द्यायचा? तर रिएलमध्ये! एक डॉलरच्या आतला सगळा हिशेब रिएलच्या कागदी नोटांनी होतो. म्हणून आपण डॉलर दिले की मोड रिएलमध्ये येते. यात फसवणूक काही नाही, तिथली रीतच तशी आहे.

एक उदाहरण बघा.

जेवणाचं बिल : ३.२५ डॉलर
आपण दिले : ५ डॉलर
परत यायला हवेत : १.७५ डॉलर
म्हणजे : १ डॉलरची एक नोट + (०.७५ × ४,०००) = ३,००० रिएल

आता उलट उदाहरण. फळांची किंमत ६,००० रिएल. आपल्याकडे रिएल नाहीत, म्हणून २ डॉलर दिले. २ डॉलर म्हणजे ८,००० रिएल. परत आले २,००० रिएल.

रुपयांत समजून घ्यायचं तर सोयीसाठी १ डॉलर = ९० रुपये धरू. (तुम्ही सोडवाल त्या दिवशीचा दर घाला.) म्हणजे ४,००० रिएल = ९० रुपये आणि १,००० रिएल = साडेबावीस रुपये. तोंडी हिशेबाची युक्ती अशी : रिएलच्या किमतीतली शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्या आकड्याला साडेबावीसने गुणा. ८,००० रिएलचं शहाळं? आठ गुणिले साडेबावीस, १८० रुपये. मुलांना एकदा ही युक्ती सांगितली की दुसऱ्या दिवसापासून हिशेब तीच करतात, आपण फक्त पिशवी धरायची!

२. पण असं का? थोडा इतिहास

मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे आणि ते जरा जड आहे. मोठ्या वर्गातल्या मुलांना मात्र जरूर सांगावं.

कंबोडिया १९५३ मध्ये फ्रान्सच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. १९५५ मध्ये रिएल हे चलन सुरू झालं. वीस वर्षं ते चाललं. मग १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या गटाने राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली. त्यांनी शहरं रिकामी केली, माणसांना शेतावर राबायला नेलं, शाळा बंद केल्या, बाजार बंद केले आणि पैसाच रद्द केला. 'नोटा बदलून घ्या' असं नव्हे, देशात पैसा नावाची गोष्टच उरली नाही. मध्यवर्ती बँकेची इमारत स्फोटाने उडवून दिली गेली. पुढच्या पावणेचार वर्षांत उपासमार, आजार आणि हत्या यांत पंधरा लाखांहून अधिक माणसं मेली.

जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट संपली. लोक घराकडे परतू लागले, पण देवघेव कशाने करायची? तांदूळ हेच चलन झालं. सोनं, शेजारच्या थायलंड आणि व्हिएतनामच्या नोटा हेही चालत. २० मार्च १९८० रोजी रिएल पुन्हा सुरू झाला. सुरुवातीला त्याची किंमत लोकांना समजेल अशी ठरवली होती : एक रिएल म्हणजे एक किलो तांदूळ.

विचार करा. ज्या माणसाने एकदा आपल्या हातातल्या नोटांचा निव्वळ कागद झालेला पाहिला, तो पुन्हा नोटेवर लगेच भरवसा ठेवेल का? त्यात १९९२-९३ मध्ये निवडणुका घेण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे वीस हजारांहून जास्त सैनिक आणि कर्मचारी देशात आले. त्यांचे पगार डॉलरमध्ये, खर्च डॉलरमध्ये. डॉलर बाजारात आला आणि राहिला, कारण लोकांना तो पक्का वाटला.

थोडक्यात, नोटेची किंमत नोटेवर छापलेल्या आकड्यात नसते. समोरचा माणूस ती उद्या दुसऱ्याला देऊ शकेल असा त्याला विश्वास असतो, त्यात ती असते. सिएम रीपच्या बाजारात हे डोळ्यांनी दिसतं.

आणि ही देवघेव तिथे जुनीच आहे. १२९६-९७ मध्ये झोऊ दागुआन नावाचा चिनी दूत अंगकोरला राहून गेला. त्याने लिहून ठेवलंय की इथला व्यापार बायका सांभाळतात. लहान खरेदी तांदूळ, धान्य आणि चिनी वस्तू देऊन होते, त्याहून मोठी कापड देऊन आणि फार मोठी असेल तर सोनंचांदी देऊन. म्हणजे सव्वासातशे वर्षांपूर्वीही रकमेप्रमाणे देण्याची वस्तू बदलत होती! बायोन मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर बाजाराची शिल्पं कोरलेली आहेत. मुलांबरोबर गेलात तर ती नक्की शोधा.

३. फाटकी नोट का चालत नाही?

आता त्या पाच डॉलरच्या नोटेकडे वळू.

आपल्याकडे नोट फाटली तर आपण बँकेत जातो. रिझर्व्ह बँकेचे त्यासाठी नियम आहेत, नोट बदलून मिळते. कारण रुपया छापणारी बँक आपली आहे. कंबोडियाची मध्यवर्ती बँक डॉलर छापत नाही. फाटका, शाईचा डाग पडलेला किंवा शिक्का मारलेला डॉलर तिला नवा करून देता येत नाही. तो शेवटी अमेरिकेतच बदलतो. म्हणून तिथली बँक अशी नोट नाकारते किंवा बट्टा कापून घेते. बँक घेत नाही म्हणून घाऊक व्यापारी घेत नाही, तो घेत नाही म्हणून फळवाल्या बाई घेत नाहीत. त्या बाईंनी माझी नोट घेतली असती तर त्यांचं दिवसभराचं सुटलेलं पैशापाण्याचं गणित बिघडलं असतं. मला आधी थोडा राग आला होता. हे समजल्यावर राग गेला.

गंमत म्हणजे रिएलची नोट चुरगळलेली, मळलेली असली तरी कुणी कुरकुर करत नाही. ती त्यांच्या देशाची आहे, बदलून मिळते.

धडा असा : डॉलर विकत घेताना प्रत्येक नोट उजेडात धरून बघा. फाट, डाग, पेनाने लिहिलेला आकडा असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा. संकोच करू नका. आणि बाजारात सुट्टे परत मिळताना कुणी फाटका डॉलर दिला तर तुम्हीही हसून परत करा. कुणी वाईट वाटून घेत नाही.

४. घरून निघण्याआधी

(अ) डॉलर इथूनच घ्या. भारतीय रुपये तिकडे बाजारात चालत नाहीत. बँक किंवा अधिकृत परकीय चलन विक्रेता यांच्याकडून पासपोर्ट, पॅन कार्ड आणि प्रवासाचे कागद दाखवून डॉलर मिळतात. पावती जपून ठेवा. एका प्रवासात रोख स्वरूपात ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. सहलीला एवढे रोख लागत नाहीत आणि नेऊही नयेत.

(आ) लहान नोटा मागा. विक्रेते सहसा शंभराच्या नोटा देतात, कारण त्यांना ते सोपं पडतं. पण रिक्षावाला शंभर डॉलरची मोड कुठून देणार? आपल्याकडे रिक्षात बसून कुणी पाच-सात हजारांची एकच नोट काढली तर काय होईल, तसंच. १, ५, १० आणि २० च्या नोटा आग्रहाने मागा. एक डॉलरच्या वीस-पंचवीस नोटा जवळ असल्या की पहिले दोन दिवस निभतात.

(इ) कार्ड सुरू करून घ्या. हे फार जण विसरतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपल्याला मिळणारं नवं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड फक्त देशात वापरण्यासाठी सुरू असतं. परदेशातला वापर आपल्यालाच बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करावा लागतो. त्याच ठिकाणी खर्चाची मर्यादाही ठरवता येते. विमानतळावर पोचल्यावर हे आठवलं आणि ओटीपीसाठी भारतातलं सिम चालत नसलं तर पंचाईत होते.

(ई) डॉलर भरलेलं कार्ड. बँका प्रवासासाठी आधी पैसे भरलेलं फॉरेक्स कार्ड देतात. कंबोडियात हॉटेलं आणि मोठी दुकानं बिल डॉलरमध्येच करतात, म्हणून डॉलर भरलेलं कार्ड तिथे सोयीचं पडतं. साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर बँक परदेशी व्यवहारासाठी साधारण दोन ते साडेतीन टक्के जादा लावते. ती रक्कम बिलावर दिसत नाही, नंतर खात्यात दिसते.

(उ) सगळे पैसे एका ठिकाणी ठेवू नका. थोडे आईकडे, थोडे बाबांकडे, एक कार्ड सामानात. आजीने कनवटीला बांधून ठेवलेल्या पैशांची आठवण करा. तीच शहाणपणाची पद्धत आहे.

५. पोचल्यावर : कुठे काय चालतं?

विमानतळ. सिएम रीपचा नवा विमानतळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. तो गावापासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. तिथे उतरून व्हिसा घेणार असाल तर पर्यटक व्हिसाचे ३० डॉलर माणशी रोख तयार ठेवा. गावात जायला टॅक्सी किंवा बस लागते, त्यासाठीही लहान नोटा हव्यात.

हॉटेल, मोठं रेस्टॉरंट, सुपरमार्केट. कार्ड चालतं. काही ठिकाणी कार्डाने दिल्यास दोन-तीन टक्के जादा घेतात. आधी विचारा.

अंगकोरचं तिकीट. हा सहलीतला मोठा खर्च. परदेशी पाहुण्यांसाठी एक दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२ डॉलर. हे दर २०१७ पासून आहेत. डॉलर रोख किंवा कार्ड, दोन्ही चालतं. पास अधिकृत तिकीट केंद्रावर किंवा अधिकृत संकेतस्थळावरच घ्यावा, कारण त्यावर आपला फोटो असतो आणि तो दुसऱ्याला देता येत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना पास लागत नाही, पण वय दाखवायला त्यांचा पासपोर्ट बरोबर हवा. प्रत्येक पासमधले २ डॉलर कांथा बोफा या मुलांच्या रुग्णालयाला जातात. तिथे मुलांवर मोफत उपचार होतात. मुलांना हे जरूर सांगा.

रिक्षा. तिथे तिला टुकटुक म्हणतात. ग्रॅब आणि पासॲप ही ॲप वापरली तर भाडं आधीच रिएलमध्ये दिसतं. रस्त्यावर ठरवली तर बसण्याआधी रक्कम आणि चलन दोन्ही बोलून घ्या.

बाजार आणि रस्त्यावरचं खाणं. इथे रोखच. फ्सार चास म्हणजे जुना बाजार पर्यटकांच्या ओळखीचा. फ्सार लेउ हा गावकऱ्यांचा मोठा बाजार. पहिल्यात भाव बहुधा डॉलरमध्ये, दुसऱ्यात रिएलमध्ये ऐकू येतात.

क्यूआर कोड. भाजीच्या टोपलीजवळही क्यूआरची पाटी दिसते आणि आपल्याला एकदम घरी आल्यासारखं वाटतं! पण थांबा. ती पाटी यूपीआयची नाही. कंबोडियाच्या मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये 'बाकोंग' ही पैसे पाठवण्याची व्यवस्था सुरू केली आणि पुढे सगळ्या बँकांसाठी केएचक्यूआर हा एकच कोड आला. त्यातून रिएल आणि डॉलर दोन्ही देता येतात. मात्र त्यासाठी तिथल्या बँकेचं खातं किंवा त्या व्यवस्थेचं ॲप लागतं. परदेशी पाहुण्यांसाठी २०२४ मध्ये 'बाकोंग टुरिस्ट्स' हे ॲपही आलं आहे. तरीही आपल्या फोनमधलं यूपीआय तिथे चालेलच असं धरून रोख न घेता जाऊ नका. आणि हो, बाकोंग हे नाव कुठून आलं? सिएम रीपजवळच्या नवव्या शतकातल्या, पहिल्या इंद्रवर्मन राजाने बांधलेल्या शिवमंदिराचं ते नाव आहे.

६. एटीएमचं गणित

गावात एटीएम खूप आहेत आणि बरीचशी डॉलर देतात. पण परदेशी कार्डावर तिथली बँक प्रत्येक वेळी साधारण ४ ते ६ डॉलर शुल्क घेते. ५ डॉलर धरून बघा :

४० डॉलर काढले, शुल्क ५ : शेकडा साडेबारा!
२०० डॉलर काढले, शुल्क ५ : शेकडा अडीच.

शेकडेवारीचा धडा यापेक्षा चांगला कुठे मिळेल? म्हणून थोडे थोडे सहा वेळा काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढा. यंत्रातून शंभराची नोट आली तर बँकेत, हॉटेलात किंवा सुपरमार्केटमध्ये मोडून घ्या. ती घेऊन टुकटुकमध्ये बसू नका.

अजून एक सापळा आहे. एटीएम किंवा कार्डाचं यंत्र कधी कधी विचारतं, "रक्कम रुपयांत घेऊ की डॉलरमध्ये?" रुपये ओळखीचे, म्हणून आपलं बोट तिकडेच जातं. पण रुपये निवडले की दर ते यंत्र ठरवतं आणि तो दर बहुधा आपल्याला महागात पडतो. डॉलर निवडा. रुपयांत किती झाले ते आपली बँक ठरवेल.

७. फसगत कुठे होते?

बहुतेक वेळा कुणी फसवत नाही, आपलाच गोंधळ होतो.

एक, 'पाच' म्हणजे काय? विक्रेता म्हणतो, "फाइव्ह." पाच डॉलर की पाच हजार रिएल? पाच डॉलर म्हणजे ४५० रुपये, पाच हजार रिएल म्हणजे साधारण ११२ रुपये. फरक चौपट! विचारा, "डॉलर की रिएल?" यात लाज नाही.

दोन, शून्यं. १,००० आणि १०,००० च्या नोटा घाईत सारख्याच वाटतात. डॉलर एका पाकिटात आणि रिएल दुसऱ्यात ठेवा. रिएलच्या नोटा लहान ते मोठी अशा लावून ठेवा.

तीन, दर. दुकानात दोन्ही चलनांत किंमत लावलेली असेल तर दोन्ही मोजून बघा. समजा, वस्तू १० डॉलरची आहे आणि रिएलमध्ये ४१,००० मागतात. ४,००० च्या हिशेबाने १० डॉलर म्हणजे ४०,००० रिएल. मग इथे डॉलर देणं बरं.

चार, घासाघीस. जुन्या बाजारात कपडे, शोभेच्या वस्तू घेताना भाव करतात, ते तिथे रीतीला धरून आहे. पण लिहिलेल्या किमतीच्या खाण्याच्या गाडीवर करू नये. आणि शेवटच्या हजार रिएलसाठी अडून बसण्याआधी आठवा, आपले साडेबावीस रुपये वाचतील. त्या बाईंचे किती जातील?

८. जिथे पैसे देऊ नयेत

हा भाग मी शिक्षक म्हणून लिहितेय.

मंदिरांच्या आवारात सात-आठ वर्षांची मुलं पोस्टकार्डं, बांगड्या, चुंबकं घेऊन मागे लागतात. "वन डॉलर, वन डॉलर" म्हणतात, दहापर्यंत इंग्रजीत मोजून दाखवतात. डोळे असे की हात आपोआप खिशात जातो. माझाही गेला होता. पण अंगकोरची व्यवस्था पाहणाऱ्या प्राधिकरणाने पाहुण्यांसाठी जे नियम केले आहेत, त्यांत स्पष्ट विनंती आहे : मुलांकडून वस्तू घेऊ नका, त्यांना पैसे किंवा गोळ्या देऊ नका, कारण त्यामुळे ती शाळेत जात नाहीत.

हिशेब सरळ आहे. मूल दिवसाला काही डॉलर आणू लागलं की घरच्यांना शाळा महाग वाटू लागते. मोठं झालं की गोड दिसणं संपतं, विक्री घटते आणि शिक्षणही झालेलं नसतं. ज्या देशात एकदा सगळ्या शाळा बंद पडल्या होत्या, तिथे एक मूल वर्गाबाहेर ठेवायला आपला डॉलर कारण का व्हावा? तीच वस्तू बाजारात मोठ्या माणसाकडून घ्या. पैसे त्याच गावात जातील आणि मूल वर्गात राहील.

माझी मुलगी यावर म्हणाली, "म्हणजे न देणं ही पण मदत असते?" मी म्हटलं, "कधी कधी असते."

९. रिएल वापरा आणि संपवून या

कंबोडियाच्या मध्यवर्ती बँकेला आपलं चलन पुन्हा रुळवायचं आहे. २०२० मध्ये तिने १, २ आणि ५ डॉलरच्या नोटा बँकांमधून कमी करण्याचं पाऊल उचललं, म्हणजे लहान व्यवहार रिएलमध्ये व्हावेत. या नोटांवर बंदी नाही, बाजारात त्या चालतात. पण हातात आलेले रिएल साठवून न ठेवता चहा, फळं, टुकटुक यांसाठी तेच द्या. विक्रेत्याला ते बरं वाटतं, हे मी पाहिलंय. 'आमचे पैसे आमच्या नावाने मागितले' याचा तो आनंद असतो.

मात्र देश सोडण्याआधी रिएल संपवा. कंबोडियाच्या बाहेर ते बदलून देणारं सहसा कुणी भेटत नाही. आठवण म्हणून शंभर रिएलची एक नोट ठेवा. किंमत सव्वादोन रुपये, पण वर्गात दाखवायला लाखमोलाची!

१०. वर्गात आणि घरी करण्यासारखं

कृती १ : वर्गात 'फ्सार' भरवा. कागदाच्या डॉलर आणि रिएलच्या नोटा करा. निम्मी मुलं विक्रेते, निम्मी प्रवासी. नियम एकच : सेंट नाहीत. काही डॉलरच्या कडा मुद्दाम फाडून ठेवा आणि त्या कोण घेतं, कोण नाकारतं ते बघा. शेवटी विचारा, फाटकी नोट शेवटी कुणाकडे राहिली? नुकसान कुणाचं झालं?

कृती २ : सोडवा. बिल १३.६० डॉलर, दिले २० डॉलर. कमीत कमी नोटांत मोड द्या. (उत्तर : ६.४० डॉलर, म्हणजे ५ डॉलर, ५,००० रिएल, ५०० रिएल आणि १०० रिएल. चार नोटा.)

कृती ३ : आई, बाबा, अकरा वर्षांची ताई आणि आठ वर्षांचा भाऊ अंगकोरला तीन दिवस जाणार. रोज एक दिवसाचा पास घ्यावा की तीन दिवसांचा? (उत्तर : पास फक्त दोघांना लागतो. एक दिवसाचे तीन घेतले तर ३७ × ३ × २ = २२२ डॉलर; तीन दिवसांचा घेतला तर ६२ × २ = १२४ डॉलर. वाचले ९८ डॉलर, म्हणजे ९० च्या दराने ८,८२० रुपये.)

कृती ४ : चर्चा. नोट म्हणजे शेवटी कागदच. मग फळवाल्या बाई त्या कागदाच्या बदल्यात खरी फळं का देतात? उत्तर सांगू नका, मुलांना बोलू द्या.

त्या फाटक्या नोटेचं पुढे काय झालं, असं माझ्या वर्गातली मुलं हमखास विचारतात. ती अजून माझ्या पाकिटात आहे. हा पाठ सुरू करताना मी ती बाकावर ठेवते आणि विचारते, "सांगा, ही नोट कितीची?" पाठाच्या सुरुवातीला सगळे एका सुरात "पाच डॉलर!" म्हणतात. पाठ संपल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला की वर्ग थोडा वेळ गप्प होतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, "बाई, कुठे आणि कुणाला द्यायची ते आधी सांगा."